तात्पुरत्या माणसाचे ऋण

मनुष्य जेथे कायमचा राहतो त्या गावाचे त्याच्यावर काही ऋण असते, हे सांगण्यासाठी कोणा नीतिशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. परंतु जेथे तो तीन वर्षांपुरताच जातो, जेथे त्याचे घर नाही, भाषा नाही आणि जेथून परतण्याचा काळ जाण्यापूर्वीच ठरलेला असतो, त्या गावाचे तो काही देणे लागतो काय? बदलीवर जगणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांना हा प्रश्न वस्तुतः प्रत्येक मुक्कामी पडावयास हवा. तो सहसा पडत नाही. कारण तो पडण्याच्या आत पुढच्या बदलीचा हुकूम येतो. प्रस्तुत लेखकाला तो पडला, याचे कारण एवढेच की, या खेपेची बदली शांघायला झाली आहे.

दिल्लीच्या सरकारी वसाहतीत अशी बातमी फार वेळ घरात राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू होतात. कुकर दोन न्यावेत, रबरी रिंगा सहा न्याव्यात. गोडा मसाला, कुळथाचे पीठ, मेतकूट यांच्या पिशव्या दुहेरी बांधाव्यात. तिकडे गूगल चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, म्हणून घरच्यांशी बोलण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी. रोख पैसा फारसा कोणी हाताळत नाही. भाजीवालासुद्धा मोबाइलवरूनच दाम घेतो, तेव्हा त्याची जुळणी आल्याबरोबर करावी. हे सारे सल्ले उपयोगी आहेत, आणि देणाऱ्यांच्या आपुलकीविषयी शंका नाही. परंतु ही यादी एकत्र वाचली म्हणजे तिचा हेतू स्पष्ट होतो. शांघायमध्ये राहूनही शांघायचा स्पर्श शक्य तितका कमी व्हावा, हा तो हेतू. आपण ज्याला जाण्याची तयारी म्हणतो ती पुष्कळदा तिथे न राहण्याची तयारी असते.

या वृत्तीच्या बाजूने जे म्हणता येते ते पुरेसे वजनदार आहे. सरकारी नोकर परदेशी जातो तो आपल्या राज्याचा सेवक म्हणून. तेथे त्याने जीव गुंतवावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते, आणि कधी कधी तसे करणे अनुचितही ठरते. त्यातून हा देश चीन. १९६२ चे युद्ध आहे. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले वीस भारतीय सैनिक आहेत. या गोष्टी विमानतळावर ठेवून पुढे जाता येत नाही आणि जाऊही नये. शिवाय ते शहर आपल्याकडे प्रेमाची मागणी करीत नाही. आपण भाडे भरावे, कायदा पाळावा, काम करावे आणि मुदत संपताच निघावे. याला भाडेकरूचे नीतिशास्त्र म्हणता येईल. ते अप्रामाणिक नाही. मात्र ते अपुरे आहे. कारण भाडे भिंतींचे असते. आपली तोडकीमोडकी बोली ऐकून घेणाऱ्या दुकानदाराची सहनशीलता, चुकलेल्याला वाट दाखविणाऱ्याची पाच मिनिटे, यांचे बिल कोणी पाठवीत नाही.

शतपथ ब्राह्मणात मनुष्य चार ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन सर्वांच्या तोंडी असतात. चौथे मनुष्यऋण मात्र आपण विसरून गेलो. माणसांना निवारा व अन्न देऊन ते फेडावयाचे असते. ते केवळ आपल्या माणसांचे, अशी अट तेथे नाही. तथापि येथे एक अडचण उभी राहते. जो स्वतःच दुसऱ्याच्या निवाऱ्याला गेला आहे, त्याने हे ऋण कशाने फेडावे?

उत्तर शोधण्यापूर्वी शांघाय हे कोणाचे शहर आहे ते पाहू. २०२० च्या शिरगणतीप्रमाणे तेथील लोकसंख्या सुमारे २ कोटी ४८ लाख. त्यांपैकी १ कोटीहून अधिक लोकांची नोंद शांघायची नाहीच. चीनमध्ये प्रत्येक नागरिकाचे नाव एका विशिष्ट गावी नोंदलेले असते. १९५८ च्या कायद्याने घट्ट झालेल्या या पद्धतीला 'हुकौ' म्हणतात. मुलांची शाळा, औषधोपचाराच्या सवलती, म्हातारपणचे वेतन हे सारे बऱ्याच अंशी त्या नोंदीला बांधलेले असते. नोंद आनह्वेई प्रांतातल्या खेड्यात आणि आयुष्य शांघायच्या बांधकामावर, असे लाखो लोक आहेत. मुलगा गावी आजीजवळ वाढतो आणि आईबाप वर्षातून एकदा, नववर्षाच्या सणाला, त्याला भेटतात. शहर उभे राहिले ते यांच्या हातांनी. पण शहराच्या लेखी ते 'वायदीरेन', म्हणजे बाहेरगावचे. तेव्हा शांघायला जाणाऱ्याने आपणच तेवढे उपरे आहोत अशा समजुतीत राहू नये. त्या शहरात दर पाच माणसांमागे दोन माणसे उपरीच आहेत, आणि त्यांच्यापाशी आपल्यासारखा परतीचा भत्ता नाही.

'वायदीरेन' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधावा लागत नाही. 'परप्रांतीय' हा शब्द मुंबईत आपण दुसऱ्याला लावतो. या मासिकाच्या वाचकांना तो दुसऱ्यांनी लावलेला असतो. शब्द एकच, परंतु तो बोलताना आणि ऐकताना त्याचे वजन किती बदलते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

'आम्ही आपले कामापुरते गेलो होतो' हे वाक्य निरुपद्रवी वाटते. शांघायचा इतिहास तसे सांगत नाही. अफूच्या युद्धानंतर, १८४२ च्या नानकिंगच्या तहाने, जी पाच बंदरे परकीय व्यापाराला खुली करावी लागली त्यांत शांघाय होते. त्या अफूचा मोठा भाग माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात, पिकत असे आणि मुंबईच्या धक्क्यावरून चीनला जात असे. मुंबईची कित्येक घराणी त्या व्यापारात श्रीमंत झाली, आणि त्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या दानधर्माचा लाभ आपण आजही घेतो. पुढे शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत इंग्रजांनी पंजाबातून शीख पोलीस नेले. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रस्त्यावर निदर्शकांवर गोळ्या झाडणाऱ्या तुकडीत तेही होते. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा होता. शिपाई गरीब शेतकऱ्यांची मुले होती. ती कामापुरतीच गेली होती. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि ते येथे अभिप्रेतही नाही. परंतु ज्याला आपण कोठे आलो आहोत हे ठाऊक नसते, त्याचा हात दुसऱ्याच्या कामाला किती सहज लावता येतो, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. तेही कामासाठीच गेले होते. परंतु त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तेथील कन्येशी विवाह केला आणि मुलाचे नाव 'यिनहुआ' ठेवले. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. पाचांपैकी न परतलेले ते एकटेच. अशा पुरुषाचे नाव घेतले की सामान्य मनुष्य नमस्कार करून मोकळा होतो, आणि तो नमस्कार हीही एक पळवाट असते. कोटणिसांचे मरण कोणाला मागून मिळत नाही. परंतु त्यांनी भाषेचे पहिले पन्नास शब्द कोणत्या तरी संध्याकाळी, दमलेल्या डोक्याने, घोकले असतील. तेवढे तर कारकुनालाही जमण्यासारखे आहे. चिनी भाषेत 'विकत घेणे' आणि 'विकणे' या दोहोंना 'माय'च म्हणतात, फरक केवळ सुराचा. रोज अर्धा तास तो सूर घोटताना एक गोष्ट अनायासे घडते: मनुष्य पुन्हा विद्यार्थी होतो, आणि विद्यार्थ्याला परक्यांविषयी तुच्छता बाळगणे परवडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. 'हाक्का' हे नाव आपल्याला शेवयांच्या पदार्थावरून माहीत आहे. मुळात ते दक्षिण चीनमधील एका समाजाचे नाव, आणि त्याचा अर्थ 'पाहुणी कुटुंबे' असा आहे. शतकानुशतके एका मुलखात राहूनही ते पाहुणेच राहिले. त्यांतील काही कलकत्त्यास आले आणि टांगऱ्याला चामडी कमावू लागले. १९६२ चे युद्ध पेटल्यावर आसाम-बंगालमधील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बायकामुलांसह, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांतील पुष्कळांचा जन्म याच देशात झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही जो 'आपला' झाला नाही, त्याला एका रात्रीत शत्रू ठरविता येते. तो आपला का झाला नाही, हा प्रश्न त्याला एकट्याला विचारणे न्याय्य नव्हे. शेजाऱ्यांनाही विचारावा लागेल.

आता मघाच्या अडचणीकडे वळू. दुसऱ्याच्या निवाऱ्याला गेलेल्याने मनुष्यऋण फेडावे ते जाणून घेण्याने. समोरच्याचे नाव नीट उच्चारणे, आपल्या माणसांनी तेथे काय केले ते माहीत असणे, आणि परतल्यावर त्या लोकांविषयी, भोवताली कितीही राग असला तरी, पाहिले तेवढेच खरे सांगणे. यात राष्ट्रनिष्ठेला कोठेही बाध येत नाही. सीमेवरचा वाद सीमेवर राहतो. जिन्यात भेटणारी म्हातारी त्यात पक्षकार नसते.

बातमी ऐकून आईने एकच प्रश्न विचारला, "तिथं आपलं कोण आहे रे?" आईने तोच विचारावयाचा असतो. आपण मात्र त्याच्या जोडीला दुसरा विचारावा: तेथे आपण कोणाचे होणार? हा प्रश्न शांघायपुरता नाही. वीस वीस वर्षे एका शहरात काढूनही 'इकडचे लोक' म्हणणारे आपल्यांत थोडे नाहीत. गणेशोत्सवाची वर्गणी वेळेवर भरणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांना फाटकापाशी बसणारा इस्त्रीवाला कोणत्या जिल्ह्यातला आहे, हे ठाऊक असते? विमानाला अजून अवकाश आहे. कुकरच्या रिंगा बाजारात केव्हाही मिळतील. ही दुसरी तयारी मात्र येथूनच, या शहरातूनच, करून न्यावी लागेल.