अक्षर एक, अर्थ दोन

अगदी अनोळखी भाषेची मला भीती वाटत नाही. तिथे आपण अडाणी आहोत हे आपल्यालाही ठाऊक असतं आणि समोरच्यालाही. हातवारे करून चहा मिळतो. भीती वाटते ती अर्ध्या ओळखीच्या भाषेची. तिथे आपल्याला सगळं समजल्यासारखं वाटतं!

चिनी आणि जपानी माणसांचं असंच आहे. त्यांच्या भाषा अगदी वेगळ्या. पण जपान्यांनी सुमारे १५०० वर्षांपूर्वी चिन्यांची अक्षरं उसनी घेतली. आता उसनी नेलेली वस्तू कुणी कशी वापरावी, यावर मूळ मालकाचं काही चालत नाही, हे शेजारधर्म पाळणाऱ्या कुठल्याही गृहिणीला विचारा.

'हात' आणि 'कागद' ही दोन अक्षरं शेजारी शेजारी मांडली, की जपानी माणूस ती 'पत्र' अशी वाचतो. चिनी माणूस त्याच अक्षरांना शौचकूपातला कागद समजतो. माझ्या लेखांबरोबर संपादकांकडून जी पत्रं येतात ती पाहता, चिन्यांचं अगदीच चुकतं असं मला म्हणवत नाही. जपानीत ज्या अक्षराचा अर्थ 'लेक', त्याचाच चिनीत अर्थ 'आई'. हेही पटतं. पंधरा वर्षांची झाली की प्रत्येक लेक आपल्या आईची आई होतेच. जपानी मुलगा 'अभ्यास' म्हणून जी अक्षरं लिहितो, ती चिन्याला 'मनाविरुद्ध, ओढूनताणून' अशी दिसतात. आपण हसू नये. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत शाळेत नेतो आणि मराठीत तुरुंगात; देवनागरी तीच!

इथवर गंमत झाली. पण मग प्रश्न पडतो, की शब्दाचा अर्थ ठरवायचा कुणी? बोलणाऱ्याने की ऐकणाऱ्याने?

१९७२ च्या सप्टेंबरात जपानचे पंतप्रधान काकुएइ तानाका पेकिंगला गेले. युद्धात जपानने चीनमध्ये अनन्वित अत्याचार केले होते. लाखो माणसं मेली होती. २५ तारखेच्या मेजवानीत तानाकांनी 'आमच्यामुळे आपल्याला फार मेइवाकु झालं' अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं. मेइवाकु म्हणजे जपानीत त्रास, उपद्रव. त्याची अक्षरं चीनचीच. पण तिथे त्यांचा अर्थ गोंधळणं, भुलणं. म्हणून चिनी भाषांतरात 'माफान' हा दुसरा शब्द आला. आगीतून फुफाट्यात! माफान म्हणजे किरकोळ तसदी. दुसऱ्या दिवशी चाऊ एन-लाय यांनी नाराजी सांगितली: बाईच्या झग्यावर चुकून पाणी उडालं तर आमच्याकडे हा शब्द वापरतात. तानाकांचं म्हणणं, आमच्या भाषेत ती मनापासूनची क्षमायाचना आहे.

दोघेही खरं बोलत होते, अडचण तीच होती. तरी मला विचाराल तर मी चाऊंच्या बाजूने. विनोद सांगायचा, तर अर्थ सांगणाऱ्याचा असू द्या; फार तर कुणी हसणार नाही. माफीचं तसं नाही. माफी ही ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी असते, तेव्हा ती त्याच्या मापाने शिवायला हवी. आपल्याला अंगात नीट बसली, एवढ्याने भागत नाही. शेवटी २९ तारखेच्या संयुक्त निवेदनात गंभीर नुकसानीची जबाबदारी आणि आत्मनिर्भर्त्सना, दोन्ही स्पष्ट लिहावी लागली. तेव्हा कुठे पुढचं काम सुरू झालं.

आपल्या घरांत तर लिपी एक, भाषा एक, रेशनकार्डही एक. तरीही 'सॉरी म्हटलं ना एकदा!' हे वाक्य भिंतीपलीकडूनसुद्धा ऐकू येतं. म्हणणाऱ्याच्या कोशात त्याचा अर्थ 'चुकलो' असा असतो, ऐकणारीच्या कोशात 'विषय संपव' असा. अशा वेळी आपला कोश मिटून तिचा उघडावा, हे बरं. जाड असतो, पण शब्द सापडतो.