म्हाताऱ्या मांजरीचा खर्च

आमच्या मोहल्ल्यात एक म्हातारी मांजर आहे. ती कोणाच्याही मालकीची नाही. उमेदीच्या काळात मस्जिदीपासून मासळी बाजारापर्यंतची सारी छपरे तिने पालथी घातली. आता तिचे दात पडले आहेत, एका डोळ्यावर सारा आला आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून ती आमच्या जिन्याखाली मुक्कामाला आहे. गुरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. पाणी आणि मऊ अन्न देत राहा. घरी आल्यावर अम्मींनी विचारले, "पण ही आपली आहे कुठे?"

"आपली नाही" असे म्हटले की माणूस मोकळा होतो. तो खरोखर मोकळा होतो काय?

मांजरीला बांधून ठेवल्यामुळे नरकाग्नीस पात्र ठरलेल्या स्त्रीची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि आपल्या मुलांनाही ती ठाऊक असते. तिच्यातील अपराध मात्र नीट पाहिला पाहिजे. त्या स्त्रीने मांजरीला खाऊ घातले नाही आणि किडेमुंग्या खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. म्हणजे सोडून देणे हाही सुटकेचा एक मार्ग होता. मोकळी मांजर आपले अन्न आपण शोधते. पण जिला सोडले तरी कोठेच जाता येत नाही, तिचे काय? आमच्या मांजरीला कोणी दोर बांधलेला नाही. वार्धक्यानेच तिला बांधले आहे.

मालिकी फिकहच्या ग्रंथांत या प्रश्नाला अगदी जवळचा एक मसला आढळतो. आंधळी झालेली मांजर एखाद्याच्या घरी अडकून पडली आणि तिला तेथून निघून जाता येत नसेल, तर तिचा खर्च त्या घरवाल्यावर वाजिब होतो. येथे मालकीची अट नाही, पाळण्याच्या इराद्याचीही नाही. ती जाऊ शकत नाही, एवढेच पुरे. कोकणात शाफिई आणि घाटावर बहुतांशी हनफी मजहब चालतो. तेव्हा हा मसला आपल्यावर जसाच्या तसा लागू आहे असे मी म्हणत नाही, ते आलिमांना विचारावे. परंतु शाफिई विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी 660) यांनीही जनावरांचे हक्क सांगताना लिहिले आहे की, जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च मालकाने चालवावा. उपयोग संपला म्हणून हक्क संपत नाही, हे त्यांच्या दृष्टीने उघड होते.

अम्मींची खरी अडचण पाकीची होती आणि ती रास्तच होती. मांजरीचे उष्टे नापाक नाही. मूत्र मात्र नापाक आहे आणि आजारी मांजरीला त्याचे भान राहत नाही. म्हणून जानमाजच्या खोलीत तिला मज्जाव केला आणि जिन्याखाली खोके व गोणपाट घातले. उष्ट्याविषयीची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांत आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सूनबाईंनी वुजूसाठी पाणी ओतले, तोच मांजर आली. त्यांनी भांडे तिरके धरून तिला पाणी पाजले. सूनबाई बघतच राहिल्या. तेव्हा त्यांनी सांगितले की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजरीला नापाक म्हटले नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे असे म्हटले. दिव्य कुरआनात सूरह नूरच्या 58 व्या आयतीत घरातील सेवक व लहान मुलांसंबंधी याच धातूपासून बनलेला शब्द आला आहे. घरात वावरणाऱ्यांना "आपले कुठे?" असे विचारले जात नाही.

शेजारच्या चाचांचा आक्षेप अधिक अवघड. औषधाच्या पैशांत एखाद्या गरीब मुलाची वह्यापुस्तके येतील, असे ते म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. महागडे सलाईन आम्ही नाकारले. ते बरोबर केले की चूक, अल्लाह जाणे. काटे काढलेला मासा भातात कुस्करून देतो, पाणी देतो. आम्हाला एवढेच झेपते.

परवा फजरपूर्वी उठलो, तर जिन्याखालचा दिवा लागलेला. मांजरीला मान वाकवता येत नव्हती, म्हणून अम्मी वाटी तिरकी धरून बसल्या होत्या. मला उभा पाहून म्हणाल्या, "बघत काय राहिलास? अजून पाणी आण."