सुटलेला अभ्यास आणि गीतेचा सहावा अध्याय

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुनाने भगवंतांना एक विलक्षण प्रश्न विचारला आहे. मनुष्याच्या ठिकाणी श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला. मन मध्येच ढळले आणि सिद्धी हाती आली नाही. तर त्याची गती काय? इकडचे सुटले आणि तिकडचे मिळाले नाही, अशा स्थितीत तो फुटलेल्या ढगाप्रमाणे विरून तर जात नाही ना? या प्रश्नात नुसती जिज्ञासा नाही, भय आहे. ज्याच्या बाणाचा नेम कधी चुकला नाही, असा वीर येथे अपयशाचे भय उघडपणे बोलून दाखवितो.

भगवंतांचे उत्तर ज्या शब्दाने सजले आहे तो शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. अर्जुनाला ते गीतेत पार्थ, कौंतेय, भारत, महाबाहो अशा अनेक नावांनी हाक मारतात. पण ‘तात’ हे वत्सल संबोधन याच ठिकाणी येते. पित्याने घाबरलेल्या पुत्राच्या पाठीवरून हात फिरवावा, तसा हा शब्द आहे. उत्तराचे तात्पर्य असे की, चांगल्या कामाला लागलेल्या मनुष्याचा नाश कधीही होत नाही. त्याने जेवढे मिळविले ते बुडत नाही. पुढच्या जन्मी पूर्वीच्या बुद्धिसंस्काराशी त्याची पुन्हा गाठ पडते, आणि जेथे सुटले होते तेथून तो पुढे यत्न करू लागतो.

हे सारे मोक्षमार्गावरील साधकाविषयी सांगितलेले आहे, हे विसरता कामा नये. महाविद्यालयातील परीक्षा म्हणजे योग नव्हे आणि तेथे अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी म्हणजे योगभ्रष्ट नव्हे. तथापि समई देवघरात लावली तरी तिचा उजेड ओसरीपर्यंत येतोच. मोक्षाच्या वाटेवर जो नियम खरा, त्याची छाया लौकिक विद्येच्या वाटेवरही पडते. ती कशी, हे पाहण्यासाठी आजच्या विद्यार्थ्यांच्या एका नेहमीच्या प्रसंगाकडे वळावे.

बंगळूर हे अभियांत्रिकी विद्येचे मोठे क्षेत्र आहे. तेथे १९१७ मध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आणि बेळगाव येथे मुख्यालय असलेल्या तंत्रविद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे, आणि बंगळूरची पुष्कळ महाविद्यालये त्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. सीमाभागातील मराठी घरांतील मुलेही तेथे शिकावयास जातात. यांपैकी ज्या महाविद्यालयांना स्वायत्तता आहे, त्यांतील अनेक ठिकाणी दोन नियमित सत्रांखेरीज सुट्टीच्या काळात एक लहान सत्र चालते. गणित, द्रवयांत्रिकी, विद्युत्-मंडले यांसारख्या कठीण विषयांत जो अडकला, त्याला वर्ष वाया न घालविता तो विषय पुन्हा शिकण्याची संधी या उन्हाळी सत्रात मिळते.

या सत्राचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. विद्यार्थी ज्याला क्रेडिट म्हणतात, त्याचा अर्थ सामान्यतः आठवड्याला एक तासाचे व्याख्यान. चार क्रेडिटांचा विषय म्हणजे आठवड्याला ४ तास. नियमित सत्र १५ आठवड्यांचे धरले तर ६० तास. तेच ६० तास ८ आठवड्यांत बसवावयाचे तर आठवड्याला साडेसात तास होतात. वर्गात एक तास ऐकल्यावर घरी दोन तास स्वतः उदाहरणे सोडवावयाची, असा साधा नियम ठेवला तरी एकाच विषयाला आठवड्याचे साडेबावीस तास लागतात. दोन विषय घेतले तर ४५ तास. तीन घेतले तर साडेसदुसष्ट. विषय तेवढाच, ग्रंथ तोच, परीक्षा तीच. काळ मात्र निम्मा.

आता विद्यार्थ्याच्या मनाची अवस्था पाहावी. सोबती गावी गेलेले असतात. वसतिगृहातील निम्म्या खोल्यांना कुलुपे असतात. घरी आंब्याचे दिवस असतात आणि आई दूरध्वनीवरून येण्याची वाट विचारीत असते. ‘राहिलेला विषय आहे’ हे सांगताना त्या मुलाची जीभ अडखळते. आपण मागे पडलो, सगळ्यांना कळले, आता काय उपयोग, असे विचार त्याला ग्रंथ उघडण्यापूर्वीच थकवितात. हेच ते फुटलेल्या ढगाचे भय. कठीण समीकरणापेक्षा हे भय अधिक वेळ खाते.

अशा विद्यार्थ्याने भगवंतांचे उत्तर आपल्या प्रसंगाला लावून पाहावे. पंधरा आठवडे तो वर्गात बसला होता. संज्ञा कानांवरून गेल्या, आकृत्या डोळ्यांखालून गेल्या, काही उदाहरणे अर्धी सुटली, काही मुळीच सुटली नाहीत. परीक्षेच्या पत्रकात यातील काहीही दिसत नाही. तेथे केवळ ‘अनुत्तीर्ण’ एवढेच लिहिलेले असते. परंतु पत्रक निराळे आणि संस्कार निराळा. जमिनीत पडलेले बी उगवले नाही म्हणजे ते नाहीसे झाले, असे नाही. दुसऱ्या वेळी तोच विषय ऐकताना जे शब्द प्रथम परके वाटले होते ते ओळखीचे वाटतात, आणि नेमके कोठे अडते ते कळते. हीच पूर्वीच्या बुद्धिसंस्काराशी पुन्हा पडलेली गाठ. म्हणून पहिल्या दिवशी त्याने एक काम करावे: जुनी वही आणि जुनी उत्तरे समोर घेऊन, कोणती पायरी कळत होती आणि कोणती पहिली पायरी कळेनाशी झाली, ती शोधून काढावी. जेथे सुटले तेथूनच धरावयाचे, तर कोठे सुटले हे आधी माहीत हवे. लाजेने जुनी वही फेकून देणारा आपली मिळकतच फेकून देतो.

येथे एक भेद केला पाहिजे. सर्वच विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले म्हणून लहान सत्रात बसतात असे नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत उन्हाळी सत्रात नवा विषय घेऊन पदवी लवकर आटोपण्याचा प्रघात आहे, आणि आपल्याकडेही कित्येकांना तो मोह पडतो. आपल्या परंपरेत विद्येचे चार पाद सांगितले जातात. एक पाद आचार्यांकडून मिळतो, दुसरा स्वतःच्या बुद्धीने, तिसरा सहाध्यायांच्या संगतीने आणि चौथा काळाच्या परिपाकाने. उन्हाळी सत्र पहिले तीन पाद देऊ शकते. चौथा देऊ शकत नाही. जो विषय पुन्हा शिकतो, त्याचा चौथा पाद काही अंशी आधीच मिळालेला असतो, कारण मधल्या काळात तो विषय त्याच्या मनात मुरत असतो. जो प्रथमच शिकतो, त्याला मात्र तो पाद उसना घ्यावा लागतो, आणि उसने फेडावे लागते. तेव्हा केवळ घाईखातर कठीण विषय आठ आठवड्यांत गिळावयास निघालेल्याने फार विचार करावा. ज्याचा पुढचा विषय या विषयावर उभा आहे, त्याने तर अधिकच.

चौथा पाद कमी पडतो म्हणून पहिले तीन भक्कम केले पाहिजेत. उन्हाळी वर्गात विद्यार्थी थोडे असतात. आचार्यांना प्रश्न विचारण्यास एवढी सोय एरवी मिळत नाही. तेथे मागच्या बाकावर लपून बसणे म्हणजे गंगेकाठी तहानलेले राहणे होय. सहाध्यायी कमी असतील, पण जे आहेत ते सगळे एकाच नावेत आहेत. दोघांनी एकमेकांना फळ्यावर उदाहरण समजावून द्यावे. जे दुसऱ्याला सांगता येत नाही ते आपल्यालाही कळलेले नसते, हे पाठशाळेतील जुने सूत्र अभियांत्रिकीलाही लागू आहे.

मन स्थिर राहत नाही, ही तक्रार तर अर्जुनानेच याच अध्यायात केली आहे. वाऱ्याची मोट बांधावी तसे मनाला आवरणे अवघड आहे, असे तो म्हणतो. भगवंत ते नाकारीत नाहीत. अवघड आहे हे मान्य करून ते दोन साधने सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे तेच पुन्हा पुन्हा करणे. महाभारताच्या आदिपर्वात अर्जुनाच्याच बालपणीची गोष्ट आहे. रात्री तो जेवीत असता वाऱ्याने दिवा विझला. तरी हात अंधारात नेमका मुखाशी जात राहिला. सवयीने हे होते असे पाहून त्याने अंधारात धनुष्याचा सराव सुरू केला. ज्याने मनाला वारा म्हटले, त्यानेच वाऱ्याने विझविलेल्या दिव्यापासून अभ्यासाचे मर्म उचलले होते! विद्यार्थ्यानेही एका प्रकारचे उदाहरण एकदा सुटले म्हणून पुढे धावू नये. पुस्तक न पाहता हात आपोआप चालेपर्यंत ते सोडवावे. आणि वैराग्य म्हणजे वनवास नव्हे. त्या आठ आठवड्यांपुरते भ्रमणध्वनीवरील करमणूक, सोबत्यांच्या सहलींची चित्रे आणि ‘ते कोठे पोचले, मी कोठे राहिलो’ ही तुलना, या तिहींपासून मन काढून घेणे, एवढे वैराग्य त्याला पुरे आहे.

परंतु अभ्यासाचा अर्थ देहाचा छळ असा कोणी करू नये. याच अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सदा जागणाऱ्यालाही नाही. वरील हिशेब येथे पुन्हा पाहावा. एक विषय म्हणजे आठवड्याचे साडेबावीस तास. हे स्वस्थपणे होते. दोन विषय म्हणजे ४५ तास. हे कष्टाने होते. तीन कठीण विषय म्हणजे साडेसदुसष्ट तास, म्हणजे रविवार धरून रोजचे साडेनऊ तासांहून अधिक. यात झोप तरी जाते किंवा समज तरी जाते, आणि बहुधा दोन्ही जातात. महाविद्यालये विषयांच्या संख्येला मर्यादा घालतात ती याचसाठी. त्या मर्यादेच्या आतही आपली मर्यादा प्रत्येकाने ओळखावी. तीन विषय घेऊन तिन्ही अर्धे ठेवण्यापेक्षा एक घेऊन तो पुरा करणे, हे युक्त होय.

आईवडिलांचेही येथे एक कर्तव्य आहे. अर्जुनाच्या भयाला उपहास मिळाला नाही, ‘तात’ हा शब्द मिळाला. ज्या घरी मुलाला पहिला प्रश्न ‘पास होशील ना’ असा विचारला जातो, तेथे तो पास होण्यापुरतेच शिकतो. ‘आज काय कळले’ असे विचारणारे घर त्याला विद्येकडे वळविते. कित्येक मुले निकालाच्या भयाने घरी खोटे बोलतात, एकटी पडतात, आणि हे एकटेपण त्यांना फार खोल खड्ड्यात नेते. शुल्काचे पैसे पुन्हा भरता येतात, वर्षही भरून निघते. मुलाचा आपल्यावरील विश्वास तुटला तर तो जोडणे कठीण.

आणि शेवटी हेतूचा विचार. यंत्रविद्या ही लोकांच्या जिवाशी बांधलेली विद्या आहे. विश्वेश्वरय्यांचे वडील संस्कृतज्ञ होते. ते लवकर वारले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात असताना मुलाने शिकवण्या करून आपला खर्च भागविला आणि १८८१ मध्ये बी.ए. पदवी मिळविली. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास गेले आणि तेथील अभियांत्रिकीच्या परीक्षेत १८८३ मध्ये पहिले आले. परीक्षेचे फळ तेव्हाच मिळाले. विद्येचे फळ मात्र पुढे, १९०३ च्या सुमारास, पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयावर दिसले: पाणी ठरावीक पातळीवर चढले की आपोआप उघडणारी आणि उतरले की आपोआप मिटणारी दारे त्यांनी तेथे बसविली. दोन्हींमध्ये २० वर्षे गेली. चौथा पाद तो हाच.

ज्या द्रवयांत्रिकीत आज एखादा विद्यार्थी अडकला आहे, त्याच शास्त्रावर अशी दारे उभी असतात, आणि दारांच्या खालच्या अंगाला गावे असतात. तेथील माणसे अभियंत्याला गुण विचारीत नाहीत. त्याला विषय कळला होता, यावर विश्वासून ती रात्री झोपतात. हे ध्यानात ठेवून जो उन्हाळी सत्रात बसेल, त्याला तो विषय डोक्यावरचे ओझे वाटणार नाही. ते त्याचे स्वकर्म होईल. सत्र आठ आठवड्यांत संपेल आणि निकाल लागेल तो लागेल. उत्तीर्ण झालेल्याने ग्रंथ विकून टाकू नये, कारण काळाचा पाद अद्याप यावयाचा आहे. आणि पुन्हा राहिलेल्याने ग्रंथ मिटू नये, कारण त्याचे मिळविलेले काहीही बुडालेले नाही. दोघांनीही दुसऱ्या दिवशी सकाळी, जेथे सुटले तेथून, पुढचे पान उघडावे.