परातीचा वारस

मृत्युपत्र म्हटले की कागद, सही आणि दोन साक्षीदार एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. (त्याला मुद्रांक लागत नाही, हे नोकरीत मी किती जणांना समजावले असेल!) महसूल खात्यात असताना वारसाच्या असंख्य नोंदी माझ्या हातून झाल्या. जमीन, विहीर, घर, बांधावरचे आंब्याचे झाड, सर्वांना वारस होते. परात, समई, पाटा-वरवंटा, गोधडी यांना मात्र नोंदवहीत रकाना नव्हता. तरीही या वस्तू शतकानुशतके एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिल्या. मग खेड्यातील बाईचे मृत्युपत्र ते कोणते? आणि ते मोडण्याचा अधिकार कोणाला?

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरवली होती असे नाही. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६ ते ११२६). ते कल्याण म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आमच्या सीमाभागाला काही परके नव्हे. स्त्रीधन या शब्दाचा त्याने सरळ अर्थ घेतला : जे जे स्त्रीच्या मालकीचे, ते स्त्रीधन. वारशाचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. आधी अविवाहित मुलगी. मग विवाहितांपैकी जी निर्धन असेल ती. त्यानंतर सुस्थितीतील मुलगी. मुलगा पुष्कळ मागे. आईच्या वस्तू जिला त्यांची अधिक गरज तिला जाव्यात, हा विचार मला आजही हृद्य वाटतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला संपूर्ण मालकी दिली, हे फार मोठे काम झाले; मात्र मुलगा, मुलगी व पती त्याने एकाच ओळीत बसवले आणि लेकीचा तो जुना अग्रमान गेला.

पण शास्त्राला दुसरी बाजूही आहे. दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा बंदिवासात नवऱ्याने बायकोचे स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. बाईने स्वतःच्या कसबाने मिळवलेल्या धनावर तर कात्यायन नवऱ्याचेच स्वामित्व मानतो. म्हणजे माहेरून आलेले तिचे, आणि स्वतःच्या हाताने कमावलेले मात्र त्याचे!

खेड्यातील किती घरांत हे ग्रंथ पोचले होते? गोतसभांचे महजर चाळले तर वतनाचे नि पाटीलकीचे तंटे पानोपानी भेटतात; एखाद्या परातीसाठी कोणी महजर केला असेल असे वाटत नाही. बाईने आपला मार्ग वेगळा काढला होता. ती जिवंतपणी, हातोहात देई. बाळंतपण आटोपून लेक सासरी निघाली की तिच्या गाठोड्यात एक तांब्या जास्तीचा जाई. जुनी लुगडी गोधडीत शिवली जात आणि गोधडी नातवंडांकडे जाई. जाते, उखळ, पाटा घराचे, म्हणून सुनेचे. उचलून नेता येण्याजोगे ते लेकीचे, असा आमच्याकडे साधारण संकेत असे. गौरीहराच्या पूजेची अन्नपूर्णा आईकडून लेकीबरोबर सासरी जाई, ती तर आजही जाते. बोलणे होई ते चुलीपाशी. पूर्वी हिंदूंचे तोंडी मृत्युपत्रदेखील न्यायालयात चालत असे. लेखाची अट सरसकट लागू झाली ती १ जानेवारी १९२७ पासून केलेल्या मृत्युपत्रांना.

हे सारे मला फार उशिरा कळले. आई गेली तेव्हा घरात एक मोठी पितळी परात होती. म्हशीचे तूप विकून साठवलेल्या पैशातून आईने ती कासाराकडून घेतली होती. नाव घालून आणायला वडील गेले, म्हणून तिच्यावर नाव वडिलांचे. दिवस झाल्यावर अक्का म्हणाली, “परात आईनं मला सांगितली होती.” अक्काचे सासर बेताचे, विज्ञानेश्वराच्या क्रमात ती माझ्या कितीतरी पुढे उभी राहिली असती. मी मात्र सवयीने विचारले, “कोणासमोर सांगितली?” अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चुलीशी आम्ही दोघीच होतो.”

तिने पुन्हा विषय काढला नाही. परात माझ्याकडे राहिली.

मी काही खोटे केले नव्हते. पुरावा मागणे हा माझा व्यवसायच होता, आणि शेतीच्या दाव्यात तो मागितलाच पाहिजे. न मागितला तर दुबळ्याचेच नुकसान होते. पण जिथे बोलण्याला साक्षीदार असण्याची सोयच नव्हती, तिथे साक्षीदार मागणे म्हणजे निकाल आधीच देऊन टाकणे नव्हे काय? अक्का खोटे बोलत नाही हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी विचारले. त्या प्रश्नाआड कायदा किती होता आणि परातीचा मोह किती, याचा हिशेब अजून लागत नाही.

निवृत्तीनंतर एकदा परातीला कल्हई करून ती अक्काकडे घेऊन गेलो. तिने काठावरून हात फिरवला. “आता एवढी कणीक कोण मळतंय? तुझ्या लेकीला दे,” म्हणाली. परत आणली. मुलगी पुण्यात असते. तिच्या ओट्यावर एवढी परात मावत नाही. तरी दिवाळीला येईन तेव्हा नेईन, असे तिने कळवले आहे.