पदवी ही अमानत आहे



निकालाचे दिवस आले की परतवाड्याच्या आणि अचलपूरच्या मोहल्ल्यांतून पेढ्यांचे पुडे फिरू लागतात. ज्या घरातील आजोबांनी आयुष्यभर कागदावर अंगठा उठवला, त्या घरातील नात आज संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची पदवी हाती घेऊन दारात उभी राहते. तिच्या मागे आरागिरणीतील भुसा अंगावर झेलणारे अब्बा असतात आणि रात्री उशिरापर्यंत शिलाई मशीन चालवणारी अम्मी असते. या आनंदात अल्लाहचे आभार मानणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. परंतु पेढे संपतात आणि चार दिवसांत तोच प्रश्न घराघरांत उभा राहतो : आता पुढे काय?

गेल्या वर्षी अशाच दिवसांत असरच्या नमाजनंतर एक विज्ञान पदवीधर तरुण माझ्यापाशी येऊन बसला. तीन वर्षे तो स्पर्धा परीक्षा देत होता. वडील आरागिरणीत हिशेब पाहण्यासाठी बोलावत होते. तो खाली मान घालून म्हणाला, “पदवी घेऊन लाकडाच्या भुश्यात बसलो तर लोक काय म्हणतील?” त्या दिवशी मी त्याला फक्त “सब्र कर बेटा” एवढेच सांगितले. तो उठून गेला आणि माझे उत्तर अपुरे होते, ही टोचणी मला लागून राहिली. आज हा लेख त्या तरुणासाठी आणि त्याच्यासारख्या प्रत्येकासाठी आहे.

मदयनच्या विहिरीवरील पदवीधर

दिव्य कुरआनच्या सूरह कससमध्ये प्रेषित मूसा (अ.) यांचा वृत्तान्त आला आहे. त्यांचे पालनपोषण फिरऔनच्या घरात झाले. अल्लाहने त्यांना विवेक आणि ज्ञान दिले. पुढे प्राण वाचवण्यासाठी त्यांना मिसर सोडावे लागले आणि ते मदयनला पोहोचले. जवळ पैसा नाही, ओळख नाही, काम नाही. विहिरीवर गुराख्यांची गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरे मागे थोपवून उभ्या होत्या. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, मग सावलीत जाऊन बसले आणि आपण अल्लाहच्या कृपेचे गरजवंत आहोत, अशी प्रार्थना केली.

हा क्रम लक्षात घ्या. आधी समोरच्याची गरज भागवली, नंतर स्वतःसाठी हात पसरले. त्यानंतर त्या मुलींपैकी एकीने आपल्या पित्याला सुचवले की यांना कामावर ठेवावे, कारण कामावर ठेवण्यास उत्तम माणूस तोच, जो सामर्थ्यवान आहे आणि विश्वासू आहे. तिने त्यांचे घराणे विचारले नाही की राजवाड्यातील वास्तव्याचा पुरावा मागितला नाही. सामर्थ्य आणि अमानत, हे दोनच गुण तिने पाहिले.

आणि काम कोणते मिळाले? राजवाड्यात वाढलेल्या माणसाने आठ ते दहा वर्षांच्या करारावर चाकरी पत्करली. त्या मुदतीनंतर परतीच्या वाटेवर तूर पर्वतापाशी त्यांना प्रेषित्व बहाल झाले. ती वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? आपले प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही मक्केत मजुरीवर शेळ्यामेंढ्या चारल्या होत्या. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून रिकाम्या हाताने मदीनेत आले, तेव्हा त्यांच्या अन्सारी बांधवाने आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी त्याला दुआ दिली आणि बाजाराची वाट विचारली. पनीर आणि तूप विकून त्यांनी सुरुवात केली.

तेव्हा माझ्या मुला, भुश्यात बसल्याने पदवी मळत नाही. रिकामे बसण्याने मात्र ती गंजते. परीक्षा अवश्य दे, पण वडिलांच्या हाकेला ओ देऊन दे.

सामर्थ्य : शिकणे थांबत नाही

पदवी मिळाली म्हणजे शिक्षण पूर्ण झाले, हा मोठा भ्रम आहे. तौरात प्राप्त झालेले मूसा (अ.) अधिक शिकण्यासाठी प्रवासाला निघाले आणि आपल्याला ठाऊक नसलेले ज्ञान ज्याच्यापाशी आहे, त्या अल्लाहच्या दासापुढे त्यांनी शिष्याची भूमिका घेतली. सूरह कहफमध्ये हे आपण दर शुक्रवारी वाचतो. आपल्या प्रेषितांनाही (स.) अल्लाहने ज्ञानवृद्धीची प्रार्थना करण्यास शिकवले. मग पदवीच्या चौकटीकडे पाहून आपण समाधान कसे मानावे?

आपल्या भागातील शेतकऱ्याला विचारा. संत्र्याचे कलम करताना जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा धरला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी टोपली घेऊन झाडाखाली जात नाही. पाणी, खत, राखण आणि चार-पाच वर्षांचा धीर, त्यानंतर फळ. पदवी म्हणजे डोळा धरला, एवढेच.

धीराचे एक उदाहरण आपल्याच जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातले आहे. न्यायमूर्ती मुहम्मद हिदायतुल्लाह यांनी १९३० साली नागपूरला वकिली सुरू केली. १९५४ साली ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६८ साली भारताचे सरन्यायाधीश. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले मुस्लिम होत. १९७९ साली ते देशाचे उपराष्ट्रपती झाले. वकिलीचा पहिला दिवस आणि सरन्यायाधीशपद यांत ३८ वर्षांचे अंतर आहे. आपण मात्र तीन वर्षांत नशिबाला दोष देऊन मोकळे होतो.

अमानत : मापात पाप नको

लाकूड आणि संत्री यांच्या बाजारात वाढलेल्या आपल्याला मापाचे महत्त्व कोणी सांगायला नको. सागाच्या ओंडक्याचा घेर मोजताना फीत किंचित सैल किंवा घट्ट धरली, तर कोणाचे किती जाते हे लहान मुलालाही कळते. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच अशा लोकांच्या विनाशाच्या इशाऱ्याने होते, जे घेताना पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात.

हा इशारा फक्त दुकानदारांसाठी आहे काय? जो शिक्षक पूर्ण पगार घेतो आणि वर्गात अर्धा तास उशिरा जातो, त्याचे माप कमीच आहे. जो अभियंता रस्त्याच्या कामाची पाहणी न करता सही करतो, जो कारकून गरिबाच्या कागदाला टेबलाखालची वाट दाखवतो, जो औषधविक्रेता मुदत संपलेली बाटली पुढे सरकवतो, त्या सर्वांची तागडी परलोकात लागणार आहे. इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचा व्यापार करीत. एकदा त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता सदोष कापड विकले, तेव्हा त्या मालाची सारी रक्कम त्यांनी दान करून टाकली, असे चरित्रकार सांगतात. ज्यांच्या फिकहवर आपण नमाज अदा करतो, त्यांची दुकानदारीही आपण शिकायला हवी.

नोकरीसाठी लाच देण्याचा सल्ला देणारे तुम्हाला भेटतील. शेत विकू, दागिने मोडू, असे घरातील वडीलधारेही म्हणतील. त्यांचा हात अदबीने धरा आणि नाही म्हणा. ज्या दारातून हराम देऊन आत शिरलात, त्या दारातून बरकत आत येत नाही.

जगावर प्रभाव कसा पडतो?

तरुणपणी जग बदलण्याची इच्छा असणे चांगलेच. परंतु प्रभाव हे ध्येय ठरवून निघालेला माणूस बहुधा स्वतःच्या नावाच्या मागे धावतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, तो वारसावाटप, व्यापार, जमिनीची मोजणी असे लोकांचे रोजचे हिशेब सुलभ व्हावेत म्हणून. आज संगणकशास्त्रात ज्याला अल्गोरिदम म्हणतात, तो शब्द त्यांच्या नावावरून आला. गरज जवळची होती, काम चोख होते. प्रभाव अल्लाहने दिला. इंडोनेशियाच्या बेटांवर इस्लाम पोहोचला तोही मुख्यतः व्यापारी आणि सूफी यांच्या वर्तनामुळे.

आपली जवळची गरज कोठे आहे? परतवाड्याच्या बाहेर पडताच मेळघाटचा घाट सुरू होतो. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील कोरकू पाड्यांवरील कुपोषण आणि बालमृत्यू यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आहोत. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानबद्दल प्रेषितांनी (स.) काय सांगितले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो शेजारी मुस्लिमच असावा, अशी अट त्यात नाही. नर्सिंग, औषधनिर्माण किंवा शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्यांनी मेळघाटातील नेमणूक ही शिक्षा समजू नये. कोरकू भाषेतील शंभर शब्द शिकून गेलात, तर आईला आपल्या बाळाचे दुखणे तुम्हाला सांगता येईल. जग तेथूनही बदलते.

मुलींनो, तुमची पदवी लग्नाच्या बायोडाटातील एक ओळ नाही. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रेषितपत्नी हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकवले होते. आपल्या महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांच्या शैक्षणिक कार्यात फातिमा शेख यांनी साथ दिली. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. मोहल्ल्यातील दहा मुलींना संध्याकाळी गणित शिकवणे आजही तुमच्या हातात आहे. बद्रच्या युद्धातील साक्षर कैद्यांची मुक्ततासुद्धा दहा-दहा मुलांना लिहायला शिकवण्याच्या बोलीवर झाली होती.

पालकांना एक विनंती

आईवडिलांनो, मुलाच्या पगाराचा आकडा विचारण्याआधी त्याच्या कमाईचा मार्ग विचारा. शेजाऱ्याच्या मुलाचे पुण्याचे पॅकेज जेवणाच्या दस्तरखानवर वाढू नका. आणि मुलगा हलाल मार्गाने लहान काम करीत असेल, तर चारचौघांत त्याचे नाव अभिमानाने घ्या. लोक काय म्हणतील, ही भीती त्याला कोणी शिकवली, हेही एकदा स्वतःला विचारून पाहा.

नवपदवीधरांनो, तारुण्य कशात घालवले, संपत्ती कोठून मिळवली व कोठे खर्च केली आणि ज्ञानानुसार आचरण काय केले, हे प्रश्न कियामतच्या दिवशी विचारले जाणार आहेत. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका कोणालाच आधी मिळत नाही. ही प्रश्नपत्रिका मात्र प्रेषितांनी (स.) आपल्याला आधीच सांगून ठेवली आहे. उत्तरे लिहिण्यास आजपासून प्रारंभ करा.

हे अल्लाह, आमच्या मुलामुलींना उपयुक्त ज्ञान, हलाल रोजी आणि स्वीकारार्ह कर्म प्रदान कर. त्यांच्या हातांत सामर्थ्य आणि अंतःकरणात अमानत ठेव. त्यांना आईवडिलांच्या डोळ्यांचा गारवा आणि शेजाऱ्यांच्या कल्याणाचे साधन बनव. आमीन.