तुझे नाव काय?



मुलांसाठी लिहिलेले एक इंग्रजी चित्रपुस्तक नुकतेच वाचनात आले. यांगसूक चोई यांचे २००१ साली प्रसिद्ध झालेले 'द नेम जार'. कोरियातून अमेरिकेत आलेल्या उन-हे या मुलीची ही गोष्ट आहे. शाळेच्या पहिल्याच दिवशी बसमधली मुले तिच्या नावाची मोडतोड करून हसतात. त्यामुळे वर्गात नाव विचारल्यावर ती सांगते की, अजून मी नाव निवडलेले नाही. मग वर्गातली मुले तिच्या बाकावर एक बरणी ठेवतात आणि चिठ्ठ्यांवर नावे लिहून तिच्यात टाकतात. उन-हेजवळ मात्र निरोप देताना आजीने दिलेला लाकडी शिक्का असतो. त्यावर तिचे नाव कोरलेले असते. त्या नावाचा अर्थ 'कृपा'!

बायबलमधला दानीएलही असाच परक्या देशातला विद्यार्थी. बाबेलच्या राजवाड्यात त्याला तीन वर्षे खास्दी लोकांची भाषा व विद्या शिकावी लागली. तेथे त्याला बेल्टशस्सर हे नवे नाव देण्यात आले. भाषा तो मनापासून शिकला, पण पवित्र शास्त्र त्याला दानीएल म्हणूनच ओळखते. जुळवून घेणे वेगळे आणि पुसले जाणे वेगळे.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात झारखंडहून आलेल्या एका मजुराचा मुलगा दाखल झाला. त्याचे नाव माझ्या जिभेवर बसेना. मी सहज म्हणालो, "आपण तुला जॉन म्हणू." सगळे हसले, तोही हसला. पुढे पहिल्या कम्युनियनच्या अर्जावर त्याने स्वतःच 'जॉन' लिहिले. त्याच्या आईने विचारले, "फादर, हा जॉन कोण?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते नाव त्याच्या आजोबांचे होते. मी दोघांची क्षमा मागितली आणि ते नाव माझ्या हाताने अर्जावर लिहिले.

सेमिनरीत आम्ही 'व्यक्ती म्हणजे काय?' यावर तासन्‌तास वाद घातले. या माउलीने तो धडा मला एका प्रश्नात शिकवला.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू पहिला प्रश्न काय विचारतात? या बाळाचे नाव काय ठेवता? उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. रिकाम्या कबरेपाशी रडणाऱ्या मरिया मग्दालियाने प्रभूला ओळखले, तेही त्याने तिचे नाव उच्चारले तेव्हाच.

आपलीही मुले-नातवंडे आज आखातात, कॅनडात शाळेत जातात. तेथे त्यांचे नाव कोणी नीट घ्यावे, असे आपल्याला वाटते. मग आपल्या चर्चच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या परप्रांतीय कुटुंबाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?

गोष्टीत जोई नावाचा मित्र ती बरणीच गुपचूप उचलून नेतो, कारण उन-हेने स्वतःचेच नाव ठेवावे असे त्याला वाटते. आज मिस्सानंतर लगेच घरी जाण्याची घाई करू नका. एका अनोळखी मुलाला नाव विचारा. चुकलात तर पुन्हा विचारा, आणि अर्थही विचारून घ्या. कोण जाणे, तो 'कृपा' असेल!

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू