पंचवीस पिशव्या

बांधावर बसा. सकाळ आहे, ऊन अजून चटकत नाही. समोर रावेरकडचं तापीकाठचं रान, केळी निघून रिकामं झालेलं. एक ढेकूळ उचला आणि तळहातावर ठेवा. फोडू नका, आधी त्याचं वजन कळू द्या.

ही काळी नदीने आणलेली. धुळ्याकडून साक्रीच्या वाटेला लागलात की जागोजागी मुरूम वर आलेला दिसतो, बरड लागतं. भारी की हलकी, हे खानदेशातला शेतकरी पायाखाली बघून सांगतो. आज ते जाणतेपण थोडा वेळ बाजूला ठेवा.

मनातल्या मनात पाच ओळी आखा, ओळीत पाच खड्डे, वीस-वीस पावलांवर. व्ही अक्षरासारखा, वीतभर खोल. कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून पिशवीत घ्या. शेणखताचा ढीग, झाडाची सावली, बांधाची कड टाळा. एरवी ही माती घमेल्यात एकत्र होते. चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्ध्या किलोवर यायचं. आज मिसळू नका. मिसळलं की शेजार पुसला जातो.

प्रत्येक पिशवीचा एक आकडा आला, समजा सेंद्रिय कर्बाचा. जवळच्या पिशव्या एकमेकींसारख्या आहेत, की तसं नुसतं वाटतंय? डोळ्यांचा भरवसा धरू नका, त्यांना ढगातही हत्ती दिसतो.

पॅट्रिक मोरान यांनी १९५० मध्ये यासाठी एक माप दिलं. खड्डा सरासरीच्या किती वर वा खाली आहे ते बघायचं, आणि शेजाऱ्याच्या वर-खालीशी त्याचा गुणाकार करायचा. दोघे एकाच बाजूला असले तर गुणाकार धन, विरुद्ध असले तर ऋण. साऱ्या जोड्यांचा मिळून एक आकडा. शेजाराचा काहीच संबंध नसेल तेव्हा तो सरासरीने शून्य यावा, असं वाटतं ना? येतो उणे एक छेद चोवीस. एक खड्डा सरासरीच्या वर असला, तर उरलेल्या चोविसांना मिळून तेवढंच खाली राहावं लागतं. इथे जरा थांबा. मला तरी हा उणे एक छेद चोवीस फार आवडतो.

आता डोळे मिटा. आकडे तेच ठेवा, जागा बदला. पहिल्या खड्ड्याचा सतराव्यावर, सतराव्याचा तिसऱ्यावर. पत्ते पिसावेत तसं सगळं शेत पिसा आणि पुन्हा मोजा. असं ९९९ वेळा. संगणकाला त्यासाठी क्षणही लागत नाही, तुम्ही मात्र सावकाश जा. मूळची मांडणी धरून हजार मापं झाली. त्यांत मूळचं माप वरच्या पन्नासांत बसलं, तर हा शेजार योगायोगाचा नाही असं मानायचं.

पण मानलं की काहीतरी हातचं जातं. एकाच घरातल्या पाच भावांची साक्ष पंच पाच साक्षी म्हणून धरत नाहीत. शेजारी सारखे निघाले, तर पंचवीस खड्ड्यांनी पंचविसांइतकं सांगितलेलं नसतं. त्यांच्या सरासरीवर आपण ठेवलेला विश्वास जरा जास्तच होता.

आणि शेजारी कोण, हे माप सांगत नाही. बाजूचाच धरायचा, की तिरक्या कोपऱ्यावरचाही? ते आपणच वहीत चौकटी आखून लिहायचं: जोडी शेजारी असेल तर एक, नसेल तर शून्य.

धुळ्याच्या माळावर चला. तिथे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आल्यात. भेगांत शिरलेला शिलारस थिजला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि हे कणे उरले. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. भिंतीच्या अलीकडे एक खड्डा, पलीकडे एक, मधे पुरती वीस पावलंही नाहीत.

दोन्ही हातांत एकेक ढेकूळ घ्या. वहीत या दोघांच्या चौकटीत शेजाराचा एक लिहायचा, की शून्य?